चाळीस दिवसांची टाकी : आजारी समुद्री माशाच्या शुश्रूषेचा इतिहास

१.
दोन वर्षांपूर्वी एका रविवारी माझ्या धाकट्या भावाने मुलुंडच्या आमच्या घरी एक विदूषक मासा आणला. नारिंगी अंग आणि त्यावर तीन पांढरे पट्टे. २००३ च्या 'फाइंडिंग नीमो' चित्रपटामुळे जगभर ओळखीचा झालेला तोच मासा. पिशवीतून काढून आम्ही त्याला थेट मोठ्या टाकीत सोडले. बुधवारी त्याच्या परांवर मिठाच्या कणांएवढे पांढरे ठिपके दिसले. दुकानातून एक निळे औषध आणून त्याचे थेंब टाकीत घातले. शनिवारी मासा मेला. पुढील दहा दिवसांत त्याच टाकीत वर्षभर सुखाने राहिलेले दोन मासेही गेले.

२.
भाऊ दुकानदाराला दोष देत होता आणि आई आम्हा दोघांना. मी इतिहासाची विद्यार्थिनी असल्याने माझा प्रश्न निराळा होता. हे पांढरे ठिपके सर्वप्रथम कोणी नीट पाहिले? आजारी समुद्री माशाची शुश्रूषा करता येते, हे माणसाला केव्हा आणि कसे कळले? उत्तर शोधताना मी लंडन, सॅन फ्रान्सिस्को आणि एलात या शहरांपर्यंत गेले आणि अखेरीस मुंबईच्या प्लेगपाशी येऊन थांबले. धागा दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

३.
माशांविषयीचे ज्ञान आपल्याकडे जुने आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात 'मत्स्यविनोद' नावाचे प्रकरण आहे. त्यात नद्यांतील व समुद्रातील माशांच्या जाती आणि त्यांचे खाद्य यांचे वर्णन येते. मात्र हे सारे मासा गळाला लागावा यासाठी. वर्सोव्याच्या कोळ्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञानही असेच सखोल, पण तेही मासेमारीचे. मासा आजारी आहे हे कळण्यासाठी तो जिवंतपणी, रोज, बाजूने दिसावा लागतो. त्यासाठी काच हवी होती.

४.
ती काच एकोणिसाव्या शतकाने दिली. १८३२ मध्ये सिसिली बेटावर जान व्हिलप्र-पॉवर या संशोधक स्त्रीने समुद्री जीवांच्या निरीक्षणासाठी काचेच्या टाक्या बनवल्या. १८४५ मध्ये ब्रिटनने काचेवरील कर उठवला आणि काच स्वस्त झाली. १८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने वनस्पती आणि मासे एकत्र ठेवून पाणी दीर्घकाळ चांगले राखता येते, हे दाखवले. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक 'फिश हाऊस' उघडले. पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस याचे 'द अक्वेरियम' हे पुस्तक आले आणि तो शब्द रूढ झाला.

५.
लंडनपासून समुद्र दूर असल्याने खारे पाणी आणायचे कोठून, हा प्रश्न होता. १८५४ मध्ये गॉसने गोड्या पाण्यात ठरावीक क्षार मिसळून कृत्रिम समुद्रजल तयार केले. आज आपल्या उपनगरांत हीच रीत चालते. वर्सोवा हाकेच्या अंतरावर असले तरी अंधेरीच्या घरातील टाकीत तेथील पाणी सहसा भरत नाहीत. किनाऱ्याजवळच्या पाण्यात शहराचे सांडपाणी मिसळते आणि पावसाळ्यात तेथील खारटपणा उतरतो. घरातील समुद्र येतो तो नळातून. त्या नळाची कथाही उपनगरातच सुरू होते. १८६० मध्ये साष्टी बेटावरील विहार तलावाचे पाणी मुंबईला मिळू लागले. १८९२ मध्ये तानसा आले. पुढे वैतरणा आणि भातसा आले. त्या पाण्यातील क्लोरीन काढायचे आणि लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम समुद्री क्षार विरघळवायचे, की प्रवाळातल्या माशाला राहण्याजोगे पाणी तयार होते.

६.
पाणी झाले, तरी मासे मरतच होते. माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया बाहेर पडतो. समुद्रात तो विरून जातो. बंद टाकीत साचतो आणि कल्ले जाळतो. विल्यम अल्फर्ड लॉइड या मत्स्यालयकाराने १८७१ च्या क्रिस्टल पॅलेस मत्स्यालयात टाक्यांखाली मोठा अंधारा जलसाठा ठेवून पाणी सतत फिरते राखले, तेव्हा ते स्वच्छ राहू लागले. यामागील कारण १८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्राद्स्की यांच्या संशोधनातून उलगडले. विशिष्ट जिवाणू अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करतात. नव्या टाकीत हे जिवाणू रुजायला काही आठवडे लागतात. मत्स्यपालनाचे छंदिष्ट याला टाकी 'सायकल' करणे म्हणतात.

७.
समुद्री माशाची शुश्रूषा गोड्या पाण्यातील माशाहून अवघड का? १९३० मध्ये होमर स्मिथ या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञाने दाखवले की समुद्री मासा सतत समुद्राचे पाणी पितो. त्याच्या शरीरातील द्रव समुद्राच्या साधारण एकतृतीयांश खारट असतो; त्यामुळे अंगातील पाणी अखंड बाहेर ओढले जाते. १९३२ मध्ये अँसेल कीझ आणि विल्मर यांनी जादा मीठ बाहेर टाकणाऱ्या कल्ल्यांतील पेशी शोधल्या. याचा अर्थ असा, की अंगावर जखम झाली किंवा कल्ले खराब झाले, तर समुद्री मासा पाण्यात राहूनही शुष्क होत जातो. शिवाय खाऱ्या पाण्यात प्राणवायू गोड्या पाण्यापेक्षा सुमारे एकपंचमांश कमी विरघळतो आणि पाणी तापले की आणखी कमी. मुंबईचा मे महिना अशा रुग्णाला मानवत नाही.

८.
आता मुंबईकडे. १९०९ मध्ये मद्रासच्या किनाऱ्यावर सार्वजनिक मत्स्यालय उघडले होते. मुंबईला आपले मत्स्यालय मिळाले ते १९५१ मध्ये. मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालयासाठी सुमारे आठ लाख रुपये खर्च आला. त्यांपैकी दोन लाख डी. बी. तारापोरवाला या पारशी दात्याने दिले. उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी केले. मुलुंड-बोरिवलीच्या कित्येक मुलांनी चर्नी रोडला उतरून पहिला समुद्री मासा पाहिला तो येथेच. २०१५ मध्ये नूतनीकरणानंतर ते पुन्हा खुले झाले आणि २०२० च्या टाळेबंदीत त्याची दारे बंद झाली. माझ्या भावाला हा छंद लागला तोही त्याच काचांपुढे.

९.
१९५१ हे वर्ष या कथेत आणखी एका कारणाने येते. त्याच वर्षी लंडनमध्ये ई. एम. ब्राऊन यांनी समुद्री माशांच्या अंगावर पांढरे ठिपके उठवणाऱ्या एकपेशीय परजीवीला 'क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स' हे नाव दिले. जपानमध्ये सिकामा या संशोधकाने १९३७ पासूनच या रोगाचा अभ्यास आरंभला होता. ब्राऊन यांनी त्याआधी १९३१ मध्ये समुद्री माशांच्या कल्ल्यांवरील आणखी एका परजीवीचे वर्णन केले होते. त्याचे आजचे नाव 'अमायलूडिनियम'. त्याने माशाच्या अंगावर सोनेरी धुळीसारखा थर चढतो. मुंबई आपले पहिले मोठे मत्स्यालय पाहत होती, त्याच वर्षी आमच्या मुलुंडच्या माशाच्या मारेकऱ्याला शास्त्रीय नाव मिळाले.

१०.
या परजीवीचे जीवनचक्र समजून घेतल्याशिवाय पुढचे काही कळणार नाही. त्याची पहिली अवस्था माशाच्या त्वचेखाली तीन ते सात दिवस पोसली जाते. आपल्याला दिसणारा पांढरा ठिपका तो हाच. मग परजीवी मासा सोडून तळाशी जातो आणि स्वतःभोवती कवच करतो. त्या कवचात त्याच्या अनेक पेशी होतात. काही दिवसांनी, क्वचित दोन महिन्यांहूनही अधिक काळाने, त्या बाहेर पडतात आणि एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर मरतात. म्हणजे ठिपके नाहीसे झाले की मासा बरा झाला, असे वाटते तेव्हा परजीवी टाकीच्या तळाशी शेकडोंनी वाढत असतो. आमच्या माशाचे ठिपकेही शुक्रवारी निम्मे झाले होते. त्या संध्याकाळी भावाने आनंदाने मित्रांना फोन केले होते.

११.
मग निळ्या औषधाचे काय? ते मेथिलीन ब्लू होते. त्याचाही इतिहास थोर आहे. १८७६ मध्ये कापडाचा रंग म्हणून ते जर्मनीत तयार झाले आणि १८९१ मध्ये पॉल एर्लिक यांनी ते हिवतापाच्या रुग्णांवर वापरले. प्रयोगशाळेत घडवलेले रसायन रोगावर औषध म्हणून देण्याची ती आरंभीची उदाहरणे. मत्स्यपालनात ते मुख्यत्वे गोड्या पाण्यात, अंड्यांवरील बुरशीसाठी वापरतात. त्वचेखाली दडलेल्या क्रिप्टोकॅरिऑनला त्याने फारसे काही होत नाही. उलट अमोनिया पचवणारे जिवाणू मात्र त्याने मरतात. आम्ही रोग तसाच ठेवून टाकीचे फुप्फुस निकामी केले होते.

१२.
निदानाचे महत्त्व याहूनही ठळक दिसते ते एका तिसऱ्या रोगात. १९७० मध्ये लोम आणि निग्रेली यांनी 'ब्रुकलिनेला' या परजीवीचे वर्णन केले. न्यूयॉर्क मत्स्यालय ब्रुकलिनमध्ये आहे, नाव त्यावरून. नव्याने आणलेल्या विदूषक माशांना हा रोग इतक्यांदा होतो की छंदिष्ट त्याला 'विदूषक माशाचा रोग' असेच म्हणतात. अंगावर चिकट पांढुरका थर सुटतो, मासा पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतो आणि दोन-तीन दिवसांत दगावू शकतो. पांढऱ्या ठिपक्यांवरील तांब्याचा उपचार येथे चालत नाही. येथे मोजून दिलेले फॉर्मलिन लागते. ठिपका, धूळ आणि चिकट थर हे तीन वेगळे शत्रू आहेत आणि त्यांची शस्त्रेही वेगळी.

१३.
तांब्याचा उल्लेख आला आहे, तर मोरचुदाकडे वळू. कोकणातील सुपारीच्या बागा आणि नाशिकची द्राक्षे यांवर फवारले जाणारे बोर्डो मिश्रण आपल्याला ठाऊक आहे. १८८० च्या दशकात फ्रान्समध्ये मिलार्दे यांनी ते पुढे आणले. त्यातील मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, माशांच्या परजीवीवरही चालते, हे सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट मत्स्यालयातील रॉबर्ट डेम्प्स्टर यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांचे लक्ष्य होते ती वर सांगितलेली सोनेरी धूळ. पुढे पांढऱ्या ठिपक्यांवरही तांबे वापरले जाऊ लागले.

१४.
मात्र या औषधाची वाट अरुंद आहे. लिटरमागे सुमारे ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम मुक्त तांबे पाण्यात असेल, तर परजीवी मरतो. त्याहून कमी असेल तर काहीच होत नाही. जास्त झाले तर मासाच मरतो. प्रवाळ, कोळंबी आणि गोगलगाय यांना ही मात्राही घातक असते. शिवाय प्रवाळखडक आणि चुनखडीची वाळू तांबे शोषून घेतात, त्यामुळे सजवलेल्या टाकीत मात्रा स्थिर राहतच नाही. म्हणून शेतीच्या दुकानातील मोरचूद चिमटीने टाकणे हा उपचार ठरत नाही. माशांसाठी बनवलेले औषध, तांबे मोजण्याचा संच आणि वेगळी, रिकामी टाकी या तिन्ही गोष्टी एकत्र हव्यात.

१५.
औषधाशिवायही मार्ग निघाला. १९७९ मध्ये चेउंग, निग्रेली आणि रुजिएरी यांनी क्रिप्टोकॅरिऑनच्या प्रजननावर तापमान आणि खारटपणा यांचा काय परिणाम होतो, हे तपासले. कमी खारट पाण्यात परजीवीची कवचे टिकत नाहीत आणि माशावरचा मीठ बाहेर टाकण्याचा भारही हलका होतो. १९८० च्या दशकात लाल समुद्राकाठच्या एलात येथे अँजेलो कोलोर्नी यांनी याहून साधी युक्ती मांडली. मासा दर तिसऱ्या दिवशी दुसऱ्या स्वच्छ, कोरड्या करून भरलेल्या टाकीत हलवायचा, असे चार वेळा. तळाशी पडलेली कवचे फुटायला तीन दिवस लागतात; ती फुटतात तेव्हा मासा तेथे नसतोच. दोन बादल्याएवढ्या टाक्या आणि शिस्त एवढेच साहित्य पुरते.

१६.
येथे मला एक जुना शब्द आठवला. १३७७ मध्ये एड्रियाटिक समुद्राकाठच्या रागूझा, म्हणजे आजच्या डुब्रोवनिक, शहराने प्लेगग्रस्त प्रदेशांतून येणाऱ्यांना तीस दिवस शहराबाहेर थांबवण्याचा नियम केला. पुढे हे तीस दिवस चाळीस झाले आणि व्हेनिसच्या बोलीतील 'चाळीस' या शब्दावरून 'क्वारंटाईन' हा शब्द आला. जंतू कोणालाच ठाऊक नव्हते. चाळीस या संख्येमागे धर्मश्रद्धा होती, वैद्यकीय समजुती होत्या. तरीही एक गोष्ट त्या नगरांना अनुभवाने कळली होती : नवागताला आत घेण्यापूर्वी थांबावे. निरोगी दिसणारा नवागत निरोगी असेलच असे नाही.

१७.
मुंबईने हा शब्द कटू रीतीने ऐकला. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवी भागात प्लेगचे निदान केले. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. घरांची झडती, रुग्णांना बळाने हलवणे आणि कुटुंबांची ताटातूट यांमुळे लोक रोगापेक्षा रुग्णालयाला भिऊ लागले. ऑक्टोबर १८९६ मध्येच गिरणी कामगारांनी आर्थर रोड रुग्णालयावर चाल केली होती. लोक शहर सोडून निघाले आणि रोग उपनगरांतही पोहोचला. वांद्र्याच्या गल्ल्यांतून त्या काळी उभारलेले प्लेगचे क्रूस आजही दिसतात.

१८.
माणसांच्या त्या यातनांची काचेच्या टाकीशी तुलना करण्याचा माझा हेतू नाही. त्या इतिहासातून एकच भेद मला येथे घ्यायचा आहे. त्याच साथीत पुण्याजवळ हडपसरच्या माळावर डॉ. यशवंत फुले यांच्या दवाखान्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करत होत्या. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. रुग्णाला वेगळे ठेवणे दोन्हीकडे होते. एकीकडे वेगळे ठेवण्यात जरब होती, दुसरीकडे सेवा. विलगीकरण हा शुश्रूषेचा आरंभ असतो. तेवढ्यावर थांबले, तर ती कोंडून घालण्याची शिक्षा होते. आजारी माशाला कोपऱ्यातील रिकाम्या डब्यात टाकून आपण विसरतो, तेव्हा हीच चूक लहान प्रमाणात करतो.

१९.
म्हणून आता ती टाकी कशी असावी, ते पाहू. छोट्या माशासाठी चाळीस-पन्नास लिटरची साधी टाकी पुरे. तळाशी वाळू नको, खडक नको. लपण्यासाठी प्लंबिंगचे पीव्हीसी पाइपाचे तुकडे घालावेत. त्यांना औषध चिकटत नाही आणि ते धुता येतात. स्पंज फिल्टर आधीपासून मोठ्या टाकीत ठेवून जिवाणू रुजवलेला असावा. तो नसेल, तर अमोनिया रोज मोजून पाणी बदलावे. हवेचा पंप अखंड चालू ठेवावा. दिवा मंद आणि टाकीच्या तीन बाजूंना कागद. जाळी, नळी आणि बादली वेगळी. मोठ्या टाकीची वस्तू येथे आणि येथली तेथे कधीच नाही. माशाचा मुक्काम चार ते सहा आठवडे. रागूझाचे तीस आणि व्हेनिसचे चाळीस दिवस दोन्ही त्यात बसतात. येथे ती संख्या परजीवीच्या जीवनचक्रावर बेतलेली आहे.

२०.
पहिला तास सर्वांत नाजूक. पिशवीत माशाच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पाणी किंचित आम्लधर्मी होते. त्या पाण्यात अमोनिया तुलनेने निरुपद्रवी रूपात असतो. पिशवी उघडताच वायू निघून जातो, आम्लता उतरते आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून परगावाहून तासन्‌तास प्रवास करून आलेला मासा उघड्या पिशवीत दीर्घकाळ थेंब-थेंब पाणी घालून ठेवणे घातक ठरू शकते. आधी दुकानातील पाण्याचा खारटपणा विचारून विलगीकरणाच्या टाकीचे पाणी तेवढेच करावे, बंद पिशवी तरंगत ठेवून तापमान जुळवावे आणि मग माशाला लवकर सोडावे. पिशवीतील पाणी टाकीत ओतू नये. खारटपणा पुढील दिवसांत हळूहळू वाढवावा.

२१.
जखमी माशाचे काय? जाळीत अडकून पर फाटणे, खवले निघणे, दुसऱ्या माशाने चावणे हे प्रवासात सर्रास घडते. स्वच्छ पाण्यात फाटलेले पर पुन्हा येतात. समुद्री माशांची ही क्षमता चांगली असते. त्यामुळे पहिले औषध म्हणजे अमोनियारहित पाणी आणि एकांत. परांच्या कडा रोज थोड्या-थोड्या झिजत असतील, जखमेभोवती लाली किंवा कापसासारखा थर दिसत असेल, तर जंतुसंसर्ग मानावा आणि जाणकार पशुवैद्याला विचारावे. प्रतिजैविके अंदाजाने टाकू नयेत. मेथिलीन ब्लूने आमच्या टाकीतले जिवाणू मारले, तसे तीही मारू शकतात.

२२.
शुश्रूषेचा मोठा भाग पाहण्याचा असतो. एका वहीत रोज तीन नोंदी कराव्यात : मासा मिनिटाला किती वेळा कल्ले हलवतो, खातो का, आणि अंग कशावर घासतो का. न खाणारा मासा औषधाने क्वचितच वाचतो. त्याला आधी जिवंत किंवा गोठवलेले आर्टेमिया द्यावे, चिमूटभर, दिवसातून तीन-चारदा, आणि उरलेले लगेच काढावे. आमच्याकडे अशी वही असती, तर श्वासाचा वेग मंगळवारीच वाढला होता, हे कळले असते. ठिपके दिसण्याआधी रोग बहुधा कल्ल्यांत असतो.

२३.
हे ज्ञान आपल्या उपनगरांत घडतही आहे. १९६१ मध्ये मुंबईत केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था स्थापन झाली. १९८९ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. अंधेरी पश्चिमेला यारी रोडलगत, वर्सोव्यात तिचा परिसर आहे आणि जलचरांचे आरोग्य हा तेथील अभ्यासाचा विषय आहे. कोळीवाड्याच्या शेजारी माशाच्या रोगावर प्रबंध लिहिले जातात, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? ज्या गावाने मासा पकडण्याचे शास्त्र शतकानुशतके जपले, त्याच गावात मासा बरा करण्याचे शास्त्र शिकवले जाते.

२४.
शेवटी या सगळ्याचे मोल कशात आहे? २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाशी संलग्न केंद्राच्या अहवालाने जगभरात दरवर्षी सुमारे दोन ते अडीच कोटी समुद्री शोभिवंत मासे विकले जातात, असा अंदाज मांडला. त्यांतील बहुसंख्य प्रवाळातून पकडलेले असतात. फिलिपाइन्समध्ये १९६० च्या दशकापासून मासे गुंगवून पकडण्यासाठी सायनाइडही वापरले गेले. आपल्याकडे २००१ पासून समुद्रघोडे आणि प्रवाळ यांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. ते घरात ठेवणे गुन्हा आहे. विदूषक माशाची पैदास मात्र आता बंदिस्त टाक्यांत होते. पैदास केलेला मासा मागून घेणे ही शुश्रूषेची पहिली पायरी ठरू शकते. हा मासा चांगल्या देखरेखीत वीस वर्षांहून अधिक जगू शकतो. आमच्याकडे तो सहा दिवस जगला.

२५.
ते तीन मासे गेल्यावर आम्ही मोठी टाकी अडीच महिने माशांविना चालू ठेवली, म्हणजे तळाशी उरलेल्या परजीवीला कोणी सापडू नये. रिकाम्या टाकीचा दिवा रोज लावताना आई म्हणायची, ''कोणाची वाट पाहताय?'' त्यानंतर भावाने पैदास केलेला एक लहान विदूषक मासा आणला. तो त्याच्या अभ्यासाच्या टेबलाशेजारी, तीन बाजूंनी वर्तमानपत्र लावलेल्या टाकीत, पाइपाच्या तुकड्यात बेचाळीस दिवस राहिला. वहीची सव्वीस पाने भरली. अकराव्या दिवशी त्याच्या शेपटीवर दोन ठिपके दिसले. आम्ही कोलोर्नी यांच्या पद्धतीने त्याला चार वेळा हलवले आणि त्यानंतर ठिपके आले नाहीत. त्रेचाळिसाव्या दिवशी तो मोठ्या टाकीत गेला. आज सकाळी मी महाविद्यालयात निघाले तेव्हा तो काचेपाशी येऊन खाणे मागत होता.

तुमच्या घरी नवा मासा येणार असेल, तर दुसरी टाकी आधी आणा. धागा समाप्त.